नागेंद्रच्या कॉफीला आलेला वास

१

सोमवारी दुपारी चार वाजता मारुतीरावांनी कॉफीचा पहिला घोट घेतला, तोंड तसंच मिटून दाराबाहेर गेले आणि गटारात थुंकले.

"नागेंद्रा, काय घातलंयस रं ह्यात? डांबर गोळी?"

दुकानात तेव्हा आम्ही सहा जण होतो. बाकीच्यांनी आपापले कप नाकाशी नेले आणि खाली ठेवले. एकानं शर्टाच्या बाहीनं जीभ पुसली.

हे दुकान बेळगावच्या वडगावात, मागांच्या गल्लीत आहे. चार टेबलं, एक पितळी फिल्टर, एक दळायचं यंत्र आणि मागे एक अंधारी खोली. दोन्ही बाजूंना पॉवरलूमची खडखड, त्यामुळे इथं माणसं मोठ्यानं तरी बोलतात किंवा बोलतच नाहीत. नागेंद्र मूळचा खानापूरकडचा. चिकमगळूरच्या कॉफीमळ्यात अकरा वर्षं राबला, कॉफी भाजायला शिकला आणि चाळिशीला परत येऊन त्यानं हे दुकान टाकलं. त्याच्या घरात आजही कुणी कॉफी पीत नाही. आई म्हणते, त्या काळ्या पाण्यापायी पोरगं बिनलग्नाचं राहिलं.

मी विद्युल्लता. बेळगावच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचे, मी लिहायची. निवृत्त झाले, मग आई गेली, त्यालाही सहा वर्षं झाली. टिळकवाडीतल्या घरात मी एकटी असते. रोज साडेतीनला स्कूटर काढायची आणि चार वाजता नागेंद्रच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, एवढा एकच कार्यक्रम माझ्या दिवसात आहे. ते टेबल तो माझ्यासाठी राखून ठेवतो. "आक्का, आज उशीर?" एवढं तो विचारतो. दिवसभरात मला कुणी विचारलेला तो बहुतेक वेळा एकमेव प्रश्न असतो.

मी माझ्या कपातला घोट घेतला. मला तरी कॉफी नेहमीसारखीच लागली. माझी कॉफी तो वेगळ्या छोट्या फिल्टरात काढतो, चिकोरी न घालता. म्हणून माझा कप वाचला असणार, असं मी धरून चालले.

नागेंद्रनं डबा उघडला, हुंगला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. बिचारा मदत मागतोय, असं मला वाटलं.

"बी खराब निघालं असंल," तो सगळ्यांना म्हणाला. "माफ करा. आज चहा करतो."

"बी खराब निघालं तर आंबट वास येईल," मी म्हटलं. "डांबर गोळीचा वास बीमधून येत नाही. कुणीतरी आणून घातलाय."

"आक्का, ऱ्हाऊ दे."

"का राहू दे? तुझं आठवड्याचं बी गेलं. उद्या पुन्हा करतील."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोगनोळी नाक्याजवळ विक्रमचं दुकान आहे, हमरस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना तो नागेंद्रच्या पावडरची कॉफी करून देतो, पाकिटंही विकतो. नागेंद्रची अर्धी पावडर तिकडेच खपते. फोनवरचा विक्रमचा आवाज मला टेबलावरून ऐकू आला.

"सगळी पाकिटं परत घेऊन येतोय. माझ्या गिऱ्हाइकानं कप माझ्या अंगावर फेकलाय!"

२

मंगळवारी सकाळी दहालाच मी वही घेऊन हजर झाले. नागेंद्रला ते फारसं आवडलं नाही, पण मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायची त्याला सवय नाही. त्याचा तो गुण तेव्हा माझ्या सोयीचा होता.

आधी त्याची कामाची पद्धत लिहून घेतली. दर गुरुवारी तो आठवड्याचं बी भाजतो. भाजलेलं बी लगेच डब्यात कोंडायचं नसतं, दोन दिवस त्याच्यातली हवा निघू द्यावी लागते. म्हणून ते कापडी पिशव्यांत भरून, तोंड उघडं ठेवून, मागच्या खोलीत फळीवर ठेवतो. शनिवारी संध्याकाळी ते डब्यात जातं, सोमवारी सकाळी त्यातलीच पावडर विक्रमकडे जाते आणि दुपारपासून ते दुकानात वापरात येतं. शनिवारी दुपारी तो गावी आईकडे जातो आणि सोमवारी दुपारी परततो. मधले दोन दिवस दिपाली दुकान बघते, जुन्या डब्यातल्या बीवर.

"या दोन दिवसांत बीजवळ काही वासाचं ठेवलं तर?"

"पिऊन टाकतं," तो म्हणाला. "कांदा ठेवला तर कांदा. साबण ठेवला तर साबण."

गेल्या गुरुवारच्या तीन पिशव्या होत्या. दोन फळीच्या डाव्या टोकाला, तिसरी उजवीकडे जाळीच्या झरोक्यात. नागेंद्रनं तीनही डबे हुंगले. डाव्या दोघींचे गेले होते, झरोक्यातली वाचली होती. मी खोली झाडून काढली, फळीमागे हात घातला, डबे उपडे केले. एकही गोळी सापडली नाही, गोळीचा चुराही नाही. ज्यानं ठेवली त्यानंच उचलून नेली होती.

मग गुरुवार ते शनिवार त्या खोलीत गेलेल्यांची यादी केली. नागेंद्र स्वतः. दिपाली. शुक्रवारी विक्रम, रिकामे डबे ठेवायला. शेजारचे मारुतीराव, कारण जागा त्यांचीच आणि पाण्याचा कॉक त्या खोलीत आहे.

पाचवी मी. गुरुवारी मी भरमूआप्पांकडे गेले होते. ते जुन्या रेशमी साड्यांचे विरलेले काठ काढून नवे लावून देतात. पुण्याची भाची ऋचा हिचं लग्न ठरलंय, आईची साडी नेसून जावं असं मनात होतं. तीन साड्या बांधून नेल्या, तर आप्पांचं दार बंद. अमावास्येला विणकर माग चालवत नाहीत, हे बेळगावात जन्म काढून माझ्या ध्यानात राहिलं नाही. मग आप्पांना द्यायचंय असं सांगून गाठोडं नागेंद्रच्या खोलीत फळीवर ठेवलं आणि घरी गेले. रविवारी आप्पांचा फोन आला, साड्या मिळाल्या म्हणून.

वहीत मी माझं नावही लिहिलं आणि लगेच खोडलं. तपास करणाऱ्यानं स्वतःची साक्ष घ्यायची नसते, असा माझा समज होता.

"आक्का," नागेंद्र दारात उभा राहून म्हणाला, "खरंच ऱ्हाऊ दे. मी नवं बी भाजतो. कुणाचं नाव निघालं तर पुन्हा त्याच्या तोंडाकडं कसं बघायचं?"

"म्हणजे तुला कुणाचा तरी संशय आहे."

तो यंत्राचं झाकण पुसत राहिला, स्वच्छ होतं तरी.

३

विक्रम तणतणत आला आणि पाकिटांचं खोकं टेबलावर आपटलं.

"मला काय इचारताय? माझंच नाव खराब झालंय."

"शुक्रवारी तू खोलीत किती वेळ होतास?"

"डबं ठेवलं आनि बाहेर. दोन मिंटं. दिपाली संगट हुती, इचारा तिला."

"तुला दुसऱ्या कुणाची पावडर ठेवायची होती म्हणे."

"व्हय, हुती. निपाणीचा एक जण मागं लागलाय. पर त्यासाठी मी असलं करीन? माझीच गिऱ्हाइकं पळवून लावीन?" त्यानं खोक्यातलं एक पाकीट माझ्या नाकाजवळ आणलं. "घ्या वास. ह्ये माणसानं प्यायचं व्हय?"

मी वास घेतला. कॉफीचा आला. पाकीट बंद आहे, म्हणून मला येत नसेल. सर्दीचे दिवस होते आणि माझं नाक तसंही म्हातारं झालंय. हे मी वहीत लिहिलं नाही. साक्षीदारांसमोर स्वतःचा कमीपणा कशाला दाखवा?

विक्रमचं म्हणणं मला पटलं. कप त्याच्याच अंगावर फेकला गेला होता, शर्टावर डाग होता. जाताना तो नागेंद्रला म्हणाला, "अण्णा, राग नसावा. पर आता मी निपाणीवाल्याचंच घेतो." नागेंद्रनं मान हलवली. अर्धी विक्री गेली आणि तो माणूस नुसती मान हलवत होता. मला त्याचा रागच आला.

मारुतीरावांकडे दोन कारणं होती. त्यांना ती मागची खोली सूत ठेवायला हवी होती, आणि तीन महिने ते तसं बोलून दाखवत होते. शिवाय त्यांच्या घरात साड्यांची थप्पी. साड्या तिथं डांबर गोळ्या, असा साधा हिशेब मी केला.

त्यांच्या मागापाशी उभं राहून ओरडत विचारावं लागलं. त्यांनी माग बंद केला आणि हसायलाच लागले.

"बाई, मला खोली पायजे, कबूल. पर दिवसाला तीन कप कॉफी बी पायजे. ती नासवून मी काय पिऊ?"

"मग कोण?"

त्यांनी गल्लीत इकडे तिकडे बघितलं.

"सांगू नये, पर इचारलाय म्हणून सांगतो. शनवारी सांजंला मी पानी सोडायला गेलतो. ती दिपाली मागच्या दारानं बाहेर पडली. हातात काळी प्लास्टिकची पिशवी, तोंड गच्च बांधलेलं. मला बघून दचकली. मी इचारलं, काय गं? तर म्हणली, कचरा हाय."

"मग?"

"कचरा टाकायची जागा डावीकडं हाय. ती उजवीकडं गेली."

४

दिपाली सव्वीस वर्षांची. याच गल्लीच्या टोकाला, विणकराच्या घरात वाढलेली. नागेंद्रच्या हाताखाली दोन वर्षांत डिकॉक्शन काढायला अशी शिकली की नागेंद्र गावी गेला तरी गिऱ्हाइकांना कळत नसे. माझ्या टेबलावर कप ठेवून ती लगेच मागे सरकायची. मला वाटायचं, कोर्टातल्या बाईचा धाक.

बुधवारी दुपारी, गिऱ्हाइकं यायच्या आत, मी तिला समोर बसवलं. नागेंद्र काउंटरमागे होता.

"शनिवारी डबे तू भरलेस?"

"व्हय, मॅडम."

"खोलीतून काही बाहेर नेलंस?"

"न्हाय."

"नीट आठव."

"न्हाय काय नेलं."

चौतीस वर्षांत मी खोटं बोलणारी शेकडो माणसं लिहून घेतली आहेत. खरं बोलणारा माणूस विचारणाऱ्याकडे बघतो. दिपाली नागेंद्रकडे बघत होती.

"मारुतीरावांनी तुला बघितलं. काळी पिशवी. तोंड बांधलेलं. काय होतं तिच्यात?"

ती टेबलाची कड नखानं खरवडत राहिली.

"तुमच्या घरात साड्या असतात. साड्यांत गोळ्या असतात. बरोबर?"

"न्हाय, मॅडम, आमच्यात गोळ्या…" तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पुन्हा नागेंद्रकडे बघितलं. नागेंद्रनं तिच्याकडे पाठ केली.

"गोळ्या टाकल्यास आणि दोन दिवसांनी उचलून नेल्यास. कशासाठी? विक्रमनं सांगितलं? की निपाणीवाल्यानं?"

तिचे डोळे भरले. पण ती रडली नाही. उठली, एप्रन काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला.

"अण्णा, मी जाते."

"दिपाली…" नागेंद्र म्हणाला.

"तुमी बोलनार असलासा तर थांबते."

तो बोलला नाही. ती दोन क्षण थांबली आणि गेली. मी वही मिटली. निकाल लागला होता, आणि मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी नागेंद्रनं एकट्यानं गिऱ्हाइकं सांभाळली. दोन जणांना कॉफी गार मिळाली, एकाचं दूध उतू गेलं. सहा वाजता तो माझ्या टेबलाशी आला, पण बसला नाही.

"आक्का, महिनाअखेरीला मी दुकान बंद करतोय. एकट्याच्यानं व्हायचं न्हाय. गावाकडं जातो."

"दुसरी मुलगी मिळेल."

"मिळंल. पर ठेवायची न्हाय मला."

घरी येताना एक गोष्ट मला लख्ख समजली. चार वाजता जायला जागा राहणार नाही. मग सकाळी लवकर उठायचं कशाला, केस नीट बांधायचे कशाला? मी तपास केला होता तो दुकान वाचावं म्हणून, आणि माझ्याच तपासानं ते बुडालं होतं. कुठंतरी चुकलं होतं आणि कुठं ते मला सापडत नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी भरमूआप्पांकडे गेले. साडीचं काय झालं ते विचारायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे गुरुवारी मी दिवसभरात कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते.

आप्पा मागावर होते. माझ्या तिन्ही साड्या परसाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडाखाली दोरीवर टाकलेल्या दिसल्या.

"आप्पा, इतक्या लांब का टाकल्यात?"

"वारं लावतोय. पाच दिस झालं. वास जाईना झालाय."

"कसला वास?"

त्यांनी हातातला धोटा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमास्नी येत न्हाय?"

मी परसात गेले. मधली साडी, आईची जांभळी, दोन्ही हातांत धरून नाकाला लावली. मला आईच्या कपाटाचा वास आला. म्हणजे माझ्या घराचा, माझ्या उशीचा. म्हणजे मला कसलाच वास आला नाही.

"डांबर गोळी, बाई," आप्पा मागून म्हणाले. "किती वर्सं घालताय? काठाची जर काळी पडलीया, बघा. म्हणून आमच्यात ह्ये चालतच न्हाय. अख्खी गल्ली हुडका, विणकराच्या घरात एक गोळी गावायची न्हाय. आमी वेखंडाची पुरचुंडी ठेवतो. गोळ्या घालतात ते साडी विकत घेणारं."

साड्या तिथं गोळ्या. केवढ्या ऐटीत मी तो हिशेब केला होता! तो माझ्या घरचा हिशेब होता. विणकरांच्या घरी तो नेमका उलटा होता, आणि दिपाली तेच सांगायला गेली होती.

"आप्पा," मी विचारलं, "हे गाठोडं तुम्ही दुकानातून आणलंत ना?"

"मी कशाला जातो? दिपालीनं आणून दिलं. शनवारी सांजंला. काळ्या प्लास्टिकात, तोंड गच्च बांधून."

६

आप्पांच्या पायरीवर बसून मी वही काढली आणि खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं.

गोळी सापडली नाही, कारण कुणी गोळी टाकलीच नव्हती. गाठोडं फळीच्या डाव्या टोकाला मीच ठेवलं होतं, उघड्या पिशव्यांना टेकून. गुरुवारपासून शनिवारपर्यंत बीनं माझ्या घराचा वास पिऊन घेतला. झरोक्यातल्या पिशवीला वारा होता, ती वाचली. दिपाली शनिवारी डबे भरायला गेली, तिला वास आला, गाठोडं हललं की तो जाईल असं वाटून तिनं ते प्लास्टिकात कोंडून आप्पांकडे पोचवलं. कचरा म्हणाली, कारण मारुतीरावांना माझं नाव सांगायचं नव्हतं.

आणि माझी कॉफी? माझ्या कपात काही निराळं नव्हतं. निराळी मी होते.

चार वाजता दुकानात गेले. मारुतीराव आणि दोन गिऱ्हाइकं होती. मी बसले नाही.

"मारुतीराव, तुम्ही त्या दिवशी एका मुलीविरुद्ध साक्ष दिलीत. आता माझी ऐका." आणि मी सगळं सांगितलं, क्रमानं, एकही गोष्ट न गाळता.

नागेंद्र मान खाली घालून ऐकत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"सोमवारीच. डबा उघडला तवाच."

"इतक्या लवकर कसं?"

तो अवघडला. "वास वळखीचा हुता, आक्का."

"म्हणजे माझ्या अंगालाही येतो?"

त्यानं काउंटरवरचा कप उगाच सरळ केला.

"किती वर्षं?"

"तुमी पहिल्यांदा आलासा तवापासनं."

म्हणून खिडकीचं टेबल. म्हणून कप ठेवून दिपालीचं ते मागे सरकणं. मी ज्याला मान समजत होते, ती सोय होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. बसमध्ये, बँकेत, सगळ्यांना माहीत होतं. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्याच आठवड्यात ओरडलं असतं, अगं, केवढ्या या गोळ्या! माझ्या घरात ओरडायला कुणी नव्हतं.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतासा?"

"नसते आले."

"मग?" तो म्हणाला. "घरात माझी कॉफी कुणी पीत न्हाय, आक्का. तुमी रोज येतासा. वासावरनं माणूस परत लावायचं व्हय?"

मी क्षणभर विरघळले. मग मला दिपालीचा घडी घातलेला एप्रन आठवला.

"आणि माझी लाज राखायला तू त्या पोरीची घालवलीस. ती तुझ्याकडे बघत होती आणि तू पाठ केलीस. हे चांगुलपण नव्हे, नागेंद्र."

"न्हाय," तो म्हणाला. "रोज जातोय तिच्या दारापतोर. आत जायला हुईना झालंय."

"तू थांब. आधी माझी पाळी."

७

दिपाली घराच्या ओट्यावर चाकावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत. आतून तिच्या आईनं, मनुबाईनं, डोकावून बघितलं आणि बसा म्हटलं नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. चूक माझी, साड्या माझ्या, दुकानात सगळ्यांसमोर कबूल केलंय. मारुतीरावांनीही ऐकलंय. मला माफ कर.

"मला ठाऊक हुतंच की," ती म्हणाली. "साड्या कुणाच्या ते."

"मग मला तोंडावर का नाही सांगितलंस?"

"अण्णांनी नको म्हटलंतं. आनि तुमी तरी कुठं इचारलासा?"

"मी तर किती प्रश्न…"

"लई इचारलासा. ह्ये केलंस का, त्ये केलंस का. पर ‘दिपाली, तुला काय म्हाईत हाय’ असं एकदा बी न्हाय."

चौतीस वर्षं प्रश्न लिहिण्यात गेली आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली ते खरं होतं. मी तसंच तिला सांगितलं.

चाक फिरत राहिलं. एक कांडी भरली, दुसरी लावली. मी जायला वळले, तेव्हा ती बोलली.

"सोमवारपासनं मी दुकानात जानार हाय. तुमच्यासाठी न्हाय, अण्णांसाठी बी न्हाय. कोगनोळीचं गिऱ्हाईक गेलंय, दुसरं हुडकाय पायजे. अण्णांस्नी त्ये जमत न्हाय. मला ते काम येतंय म्हणून जानार." मग तिनं विचारलं, "तुमचं घर टिळकवाडीत कुठं?"

मी पत्ता सांगितला.

"उद्या सकाळी येते. कपाटं रिकामी कराय लागतील. गोळ्या कुठं कुठं हाईत ते तुमास्नी कळायचं न्हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून फरशी पुसली, मोरी घासली, दोन कप काढून धुतले. दुसरा कप कपाटात इतका मागे गेला होता की शोधावा लागला. आठ वाजता दार वाजलं.

दिपाली उंबऱ्यापाशी उभी होती, हातात वेखंडाचं पुडकं. मी दार पूर्ण उघडलं, तशी ती एक पाऊल मागे गेली आणि ओढणी नाकावर धरली.

"मॅडम, लई वास मारतोय!"

आई गेल्यापासून माझ्या घराबद्दल कुणी काही बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं, आणि त्या नादात मी तिला आत ये म्हणायचं विसरले. ती वाट बघत थांबली नाही. चपला काढून आत आली आणि एकेक खिडकी उघडायला लागली.